ग्रीन कार्डची फाइल मुंबईत नाही, घरातच अडते: या चुका टाळा

अमेरिकेत मुलाकडे किंवा भावाकडे कायमचं जायचं ठरलं की सोलापुरातल्या घरांत पहिली चर्चा मुलाखतीची होते. साहेब काय विचारेल, इंग्रजी जमेल का, सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलो तर सकाळी वेळेत पोहोचू का. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटची ही धास्ती मला अवाजवी वाटते. फाइल बिघडते ती बरीच आधी, कपाटातल्या कागदांमुळे आणि घरात घेतलेल्या निर्णयांमुळे.

कोण कोणाला बोलावू शकतो?

अमेरिकन नागरिकाचा जोडीदार, त्याची २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि नागरिक स्वतः २१ वर्षांचा झालेला असेल तर त्याचे आई-वडील, यांच्या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही. बाकीच्यांना रांग आहे. ग्रीन कार्डधारकाला मात्र फक्त जोडीदार आणि अविवाहित मुलांसाठीच अर्ज करता येतो. आई-वडील किंवा भावंडांसाठी येतच नाही. त्यामुळे ‘पोराला ग्रीन कार्ड मिळालं, आता आपणही निघायचं’ म्हणून जुळे सोलापुरातला फ्लॅट विकायला काढू नका. पोरगा नागरिक होईपर्यंत साधारण पाच वर्षं आणखी जातात.

सगळ्यात लांब रांग भावंडांची. २०२५ मध्येही भारतातल्या अर्जदारांसाठी ती २००६ सालच्या अर्जांवर रेंगाळत होती. एवढ्या काळात भावाने दोन घरं बदललेली असतात, अर्जावरचा ईमेल बंद पडलेला असतो. मग नंबर लागतो, नॅशनल व्हिसा सेंटरची (मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकी कार्यालयाची) सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि वर्षभरात कोणी हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते. तसं झालंच, तर सूचनेपासून दोन वर्षांच्या आत ‘चूक आमच्या हाताबाहेरची होती’ हे दाखवून ती पुन्हा उघडता येते. पत्ता बदलला की लगेच कळवा, आणि आय-१३० ची, म्हणजे नातेवाइकाने तुमच्यासाठी भरलेल्या अर्जाची, पावती इकडच्या घरीही ठेवा. अर्ज करणारा भाऊ दरम्यान वारला तर अर्ज आपोआप रद्द होतो. मानवतेच्या कारणावर तो जिवंत ठेवण्याची विनंती करता येते, पण त्यासाठी आर्थिक हमी घेणारा दुसरा जवळचा नातेवाईक तिकडे हवा.

लग्नाची घाई

सर्वाधिक नुकसान इथे होतं, आणि गंमत म्हणजे याबद्दल आधी कोणीच विचारत नाही. वडील ग्रीन कार्डधारक, मुलगी २४ वर्षांची, तिच्यासाठी अर्ज भरलेला. स्थळ चांगलं आलं, मुहूर्त निघाला, बार उडाला. त्याच दिवशी तिचा अर्ज संपला. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी कोणताही वर्गच नाही. वडील आधी नागरिक झाले असते तर तिचा अर्ज विवाहित मुलांच्या वर्गात गेला असता. तीही रांग लांब आहे, पण अर्जाची जुनी तारीख टिकली असती. म्हणून लग्न ठरवण्याआधी वडिलांच्या नागरिकत्वाचा हिशोब बघा.

‘लग्न नोंदवूच नका, कळणार कोणाला?’ हा सल्ला मांडवाखाली हमखास मिळतो. तो धोक्याचा आहे. हिंदू विवाह कायद्यात विधीने लग्न पूर्ण होतं; नोंद नसली तरी ते लग्नच. अविवाहित म्हणून व्हिसा घेऊन गेलेल्या मुलीने पुढे नवऱ्यासाठी अर्ज केला की लग्नपत्रिकेवरची तारीख समोर येते. मग प्रश्न उशिराचा राहत नाही, फसवणुकीचा होतो, आणि त्याने अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

मूल २१ वर्षांचं होण्याचीही अशीच धाकधूक असते. वाढदिवस झाला म्हणून मूल बाद झालंच असं समजू नका. अमेरिकेच्या २००२ च्या कायद्यानुसार, रांगेच्या वर्गांत आय-१३० मंजूर व्हायला जितका काळ लागला तो मुलाच्या वयातून वजा होतो. मात्र नंबर लागल्यापासून एका वर्षात पुढचं पाऊल उचलावं लागतं.

नावांचा गोंधळ

सोलापूरच्या घरांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही नांदते. त्यामुळे एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तीन असणं नवलाचं नाही. त्यात आपल्याकडे लग्नात बाईचं नावच बदलतं: शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं, पासपोर्टवर सासरचं. अधिकाऱ्याला ही माणसं वेगळी वाटतात. घाईने सगळे कागद एकसारखे करत बसण्यापेक्षा, अर्जात ‘इतर नावं’ विचारली आहेत तिथे प्रत्येक नाव लिहा आणि प्रत्येकाचा धागा जोडणारा कागद द्या: लग्नाचा दाखला, राजपत्र, प्रतिज्ञापत्र.

साठ-सत्तरच्या दशकात गावी जन्मलेल्यांची नोंदच नसते. तेव्हा पुढचा सोपा मार्ग म्हणून अर्जाच्या तोंडावर नवीन जन्मदाखला काढला जातो. पन्नास वर्षांनी झालेली नोंद नात्याचा पुरावा म्हणून कच्ची ठरते. त्याऐवजी ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि त्या काळातली माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच रिकामं असेल तर ते भरून घेता येईल का हे निबंधकाकडे विचारा; त्याला कालमर्यादा असते. जुन्या लग्नाची नोंदही आज महापालिकेत होते. लग्नपत्रिका आणि फोटो मात्र टाकू नका.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतं. ते फार आधी काढू नका, मुलाखतीपर्यंत शिळं होतं. अर्ज करणाऱ्या तिकडच्या माणसाचं उत्पन्न अमेरिकेच्या गरिबीरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं; कमी पडलं तर संयुक्त प्रायोजक, म्हणजे सोबत आर्थिक हमी घेणारा दुसरा माणूस, चालतो.

पर्यटक व्हिसाच्या अर्जात खोटं

भावाने अर्ज भरलेला असताना कोणी फिरायला जायचा व्हिसा मागतो. त्याच्या डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट अर्ज केला आहे का’ असा सरळ प्रश्न असतो. एजंट परस्पर ‘नाही’ टिचकवतो. खरं सांगून नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटं सापडलं तर भावाच्या अर्जाचंही मातेरं होतं. फॉर्म कोणीही भरो, सबमिट करण्याआधी स्वतः वाचा किंवा घरातल्या मुलांकडून वाचून घ्या.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर

काही आजी-आजोबा कार्ड घेतात आणि गड्ड्याच्या जत्रेला परत येतात ते वर्षभर हलत नाहीत. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न होतात, आणि नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्यही तुटू शकतं. वर्ष झालं की परतीसाठी नुसतं कार्ड पुरत नाही. लांब राहायचंच असेल तर अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा (परत येण्याच्या परवान्याचा) अर्ज करा. ते दोन वर्षांपर्यंत चालतं. आजारपणासारख्या कारणाने अडकलात तर कॉन्सुलेटमध्ये रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा मागता येतो, पण पुरावे भक्कम लागतात. ज्यांना वर्षातले आठ महिने सोलापुरातच काढायचे आहेत, त्यांनी पर्यटक व्हिसावरच समाधान मानावं असं माझं मत.

नागरिकत्वाला पाच वर्षं लागतात (नागरिक जोडीदारासोबत राहत असाल तर तीन), आणि त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष तिकडे काढलेला लागतो. शपथ घेतली की भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व जातं. जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका, तो जमा करून तसा दाखला घ्या. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या अर्जाला हा दाखला लागतो. ओसीआय असताना मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मोहोळ-बार्शीकडची वडिलोपार्जित जमीन वारसाने मात्र मिळते. तिचं खातेफोड-वाटपाचं काम शपथेआधी मार्गी लावलं, तर पुढे तलाठी कार्यालयाच्या खेपा वाचतात.