एचआयव्हीबद्दल मुलांशी बोलायला निघालात? आधी विंडो पिरियड पक्का करा

तरुण मुलामुलींमध्ये एचआयव्हीचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. संसर्ग कशाने होतो, कशाने नाही, हे तुम्हाला पाठ असेलच. डास, एकत्र जेवण, मिठी यांवर वेळ घालवू नका, पोरांना ते माहीत असतं.

मी अडकले ती विंडो पिरियडपाशी, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो टेस्टमध्ये दिसेपर्यंतच्या काळापाशी. प्रशिक्षणात तो दोन ओळींत उरकला होता. मग एका सत्रात चिठ्ठ्यांच्या डब्यातून ही चिठ्ठी निघाली: ‘शनिवारी रात्री झालं, कंडोम नव्हता. सोमवारी सकाळी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. आता टेन्शन नाही ना?’ पोटात गोळाच आला.

नीट बघा. विषाणू शरीरात शिरला तरी टेस्टला तो लगेच सापडत नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होणाऱ्या अँटिबॉडी टेस्टला संसर्ग ओळखायला साधारण २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. म्हणजे सोमवारच्या त्या रिपोर्टमधून शनिवारबद्दल काहीच कळत नव्हतं. त्यातून, संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड वाढलेला असतो. रिपोर्ट निगेटिव्ह दाखवतोय आणि त्याच काळात दुसऱ्याला लागण होण्याचा धोका सर्वांत जास्त. हे नुसतं सांगून भागत नाही, फळ्यावर तारखा मांडून दाखवा.

आणि खरी हळहळ पुढेच आहे. त्या सोमवारी टेस्ट फार लवकर झाली, पण औषधाची वेळ गेली नव्हती. पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर संसर्ग टाळायला घ्यायचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू करता येतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस न चुकता घ्यायचं असतं. चिठ्ठीवर नाव नव्हतं, म्हणून मी सगळं उत्तर भर वर्गात, सावकाश, दोनदा दिलं.

‘टेस्ट करून घ्या’ एवढंच सांगणारं सत्र मला अर्धवट वाटतं. कधी करायची, पुन्हा कधी करायची, हे सांगितलंच पाहिजे. ज्यांना धोका वारंवार असतो त्यांच्यासाठी संसर्ग टाळायला आधीपासून घ्यायचं औषध, प्रेप, आहे, तेही सांगा.

घाबरवणारे फोटो दाखवू नका. तो आळशी मार्ग आहे. घाबरलेलं पोर टेस्टलाच जात नाही. १९९६ पासून एकत्रित औषधोपचार, म्हणजे एआरटी, आहेत. नियमित एआरटी घेऊन रक्तातला विषाणू तो मोजणाऱ्या टेस्टमध्ये सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे स्पष्ट, ठाम आवाजात सांगा. तुमच्यासमोर बसलेल्यांत कुणी जन्मापासून एचआयव्हीसह जगत असेल, हे धरूनच तोंड उघडा.

शिकायचं तर रोज रिपोर्ट हातात देणाऱ्या समुपदेशकापाशी बसा. भाषणबाज मार्गदर्शकांकडून मला फारसं काही मिळालं नाही.

‘कंडोम’ म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळेल. अडखळू दे, सगळ्यांची अडखळते. मात्र सत्र संपल्यावर लगेच पळू नका. कुणीतरी मागे रेंगाळेल, म्हणेल, ‘मित्राला विचारायचंय.’ मित्र कोण, हे विचारू नका. किती तास झाले, ते विचारा.