प्राथमिकच्या मुलांना व्हिडिओ एडिटिंग कसं शिकवायचं

लहान मुलांना एडिटिंग शिकवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात ॲप कुठलं घेऊ, आणि मला वाटतं गाडी तिथेच चुकते. ॲप मुलं बटणं दाबून दाबून आपल्याआधी शिकतात हो. आपसूक येत नाही ते म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं हे ठरवणं, आणि शिकवायचं तेच आहे.

म्हणून पहिला तास स्क्रीनशिवाय घ्या. एखादा छोटा प्रसंग निवडा, समजा मुलगी लिहितेय, पेन्सिलीचं टोक मोडतं, ती कंपासमध्ये शार्पनर शोधते पण सापडत नाही, बाजूचा मुलगा आपला शार्पनर पुढे करतो, ती परत लिहायला लागते. याची पाच चित्रं पाच कागदांवर मुलांकडूनच काढून घ्या, काड्यांची माणसं चालतील, आणि जमिनीवर ओळीने मांडा. आता दुसरा आणि चौथा कागद अदलाबदल करा आणि गोष्ट सांगायला लावा. शार्पनर आधी मिळाला आणि टोक नंतर मोडलं, असं कसं, म्हणून मुलं स्वतःच ओरडतात. मग एकेक कागद उचलून विचारा, अजून कळतंय का? शोधण्याचा कागद काढला तरी कळतं, मोडलेल्या टोकाचा काढला की सगळं कोसळतं. सात वर्षांच्या मुलालाही हे समजतं, आणि एवढं समजलं की निम्मं एडिटिंग आलं.

शूटिंगला जास्त वेळ घालवू नका. फोन आडवा, ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवायचा. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा, रेकॉर्ड दाबलं की मनात तीन मोजायचं, मग ॲक्शन, आणि ॲक्शन संपली की परत तीन मोजून मगच थांबवायचं. असं केलं नाही तर कापायला जागाच उरत नाही. आणि प्रत्येक शॉट दहा सेकंदांच्या आत, कारण पाच मिनिटांची क्लिप मागेपुढे करण्यातच पोरांचा तास जातो.

ॲपचं म्हणाल तर विंडोज ११ असेल तर बहुधा क्लिपचॅम्प आधीपासून असतं, आयपॅडवर आयमूव्ही फुकट मिळतं, साध्या कॉम्प्युटरवर शॉटकट किंवा ओपनशॉट टाकता येतं, दोन्ही मोफत आणि ओपन सोर्स. वॉटरमार्क, म्हणजे व्हिडिओवर ॲपचा शिक्का, येतो का, अकाउंट लागतं का आणि वयाची अट काय आहे एवढं आधी बघून घ्या. पहिले काही तास फक्त तीन गोष्टी, क्लिप टाइमलाइनवर (क्लिप ओळीने लावायच्या पट्टीवर) आणणं, स्प्लिट म्हणजे क्लिप कापून दोन तुकडे करणं, आणि डिलीट. इफेक्ट आणि ट्रान्झिशन (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाताना टाकायची सजावट) तोवर पूर्ण बंद. कडक वाटेल, पण एकदा चमचमणारं ट्रान्झिशन सापडलं की प्रत्येक कटवर तेच बसतं आणि शॉटकडे कोणी बघत नाही.

स्प्लिट कुठे करायचा हे दाखवायला परत तो शार्पनर घ्या. लांबच्या शॉटमध्ये मुलीचा हात कंपासकडे निघाला की तिथे कापा, आणि जवळचा शॉट हात कंपासमध्ये शिरतोय तिथून सुरू करा. नजर हाताच्या मागे जाते त्यामुळे कट जाणवतच नाही. नंतर मुद्दाम हात स्थिर असताना कापून दाखवा, दोन्ही लागोपाठ लावा, बाकी काही समजवावं लागत नाही.

यानंतर दोन जुने प्रयोग करून घ्याच. १९२० च्या आसपास रशियातल्या लेव कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला आणि बघणाऱ्यांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या, असं सांगतात. तुम्ही वर्गातल्या एकाचा गंभीर चेहरा पाच सेकंद घ्या, एकदा भेटवस्तूच्या खोक्याला जोडा, एकदा मोडक्या खेळण्याला. चेहरा तोच, पण मुलं म्हणतात इथे खूश आहे, तिथे रडवेला. दुसरा प्रयोग फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसचा, १८९६ पासून तो कॅमेरा थांबवून माणसं गायब करायचा. मुलांनी कॅमेरा जराही न हलवता सलग शूट करायचं, मध्येच दप्तर उचलून न्यायचं, आणि उचलण्याचा तुकडा स्प्लिट करून उडवायचा. दप्तर गायब! डिलीट म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं शिकवता येत नाही.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि फिल्म खराब वाटते ती बहुतेकदा आवाजामुळेच. पंखा बंद, फोन बोलणाऱ्याच्या जवळ, आणि निवेदन नंतर शांत खोलीत वेगळं रेकॉर्ड करा. सिनेमातली गाणी नको, मुलांनाच बाक वाजवू द्या किंवा सीसी झिरो परवान्याचं, म्हणजे कोणालाही मोकळेपणाने वापरता येणारं, संगीत शोधा, आणि कोणी बोलत असताना संगीत बारीक करायला शिकवा.

एका डिव्हाइसवर तिघांपेक्षा जास्त नको आणि माउस फिरता ठेवा. तुमचा हात माउसला लागता कामा नये, कितीही हात शिवशिवले तरी, बोटाने स्क्रीनवर दाखवा फार तर. अजून एक, शॉटकट-ओपनशॉटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट फाइलमध्ये क्लिप नसतात, फक्त त्यांचा पत्ता असतो. मूळ क्लिप हलवल्या की पुढच्या तासाला सगळं गायब दिसतं, त्यामुळे आधी सगळ्या क्लिप गटाच्या एका फोल्डरमध्ये टाका आणि नंतर ते फोल्डर हलवू नका.

पालकांची लेखी परवानगी शूटिंगच्या आधी घ्या. ज्यांची नाही त्या मुलांना बाजूला बसवू नका प्लीज, नुसत्या हातांचा शॉट घेता येतो किंवा खेळणी, बाहुल्या घेऊन गोष्ट करता येते, म्हणजे त्यांचीही फिल्म होते.

एक मिनिटाची फिल्म झाली की दुसऱ्या वर्गाला काहीही न सांगता दाखवा आणि त्यांना काय कळलं ते विचारा. बनवणाऱ्या गटाने तेव्हा गप्प बसून फक्त ऐकायचं. जिथे कळलं नाही तिथला कट सुधारायला त्यांना आणखी एक तास द्या, हा तास वेळापत्रकात आधीच धरून ठेवा, नाहीतर तो हमखास राहून जातो.