टाइमझोन शिकताना आधी घड्याळ आणि झोन वेगळे काढा

सिस्टिम अ‍ॅडमिनच्या कामात नवीन आलेली बरीच मुलं मी बघतो, लॉगमधली वेळ साडेपाच तास मागे दिसली की पहिलं काय तर घड्याळच हाताने पुढे ढकलतात आणि मग खरा घोळ सुरू होतो. अहो घड्याळ बरोबरच असतं बहुतेक वेळा! लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आपला 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद यूटीसीत (जगाची प्रमाण वेळ, भारत तिच्या साडेपाच तास पुढे) मोजत बसतो, तुमच्या झोनशी त्याला काही देणंघेणं नाही. त्या आकड्याची लोकल वेळ करून द्यायचं काम वरच्या लायब्ररीचं, ती ईटीसी (/etc) फोल्डरमधली लोकलटाइम फाइल बघते, पण प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, टीझेड (TZ) हे झोन सांगणारं व्हेरिएबल दिलेलं असेल तर ते आधी. म्हणून एकाच मशीनवर दोन प्रोग्रॅम वेगवेगळी वेळ दाखवतात आणि दोन्ही बरोबर असतात. झोन बदलल्यावर आधीपासून चालू असलेल्या सर्विसेस रीस्टार्ट करा, नाहीतर त्या बऱ्याचदा जुनाच झोन धरून बसतात.

ड्युअल बूटवाल्यांचा, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचा, प्रॉब्लेम वेगळा. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात लोकल वेळ ठेवतं, लिनक्स तिथे यूटीसी धरतं, दोघं एकमेकांचं बिघडवतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) रिअलटाइमइजयुनिव्हर्सल (RealTimeIsUniversal) ही व्हॅल्यू 1 करा, लिनक्सला लोकल वेळेवर आणू नका, डेलाइट सेव्हिंगच्या (काही देश उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात त्या) वेळी त्रास होतो.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट म्हणजे आयाना (IANA) या संस्थेचा टाइमझोन डेटाबेस, टीझेडडेटा. झोन म्हणजे नुसता ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) नाही, त्या भागाचा सगळा इतिहास असतो त्यात. सामोआने 2011 मध्ये 30 डिसेंबर हा दिवसच गाळला, मेक्सिकोने 2022 मध्ये बहुतेक भागातलं डेलाइट सेव्हिंग बंद केलं, सरकारं ठरवतात आणि आपण पॅकेज अपडेट करतो. म्हणून आयएसटी वगैरे लिहू नका, भारत, आयर्लंड, इस्रायल तिघांचंही आयएसटीच आहे, आशिया/कोलकाता असं पूर्ण नाव लिहा. आणि ईटीसी/जीएमटी+5 (Etc/GMT+5) या झोनच्या नावाचा अर्थ जीएमटीच्या (म्हणजे यूटीसीच्याच) 5 तास मागे बरं का, पुढे नाही, हे कुणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे.

'सगळं यूटीसीत साठवा' हा सल्ला सगळीकडे मिळेल, पण तो अर्धाच आहे असं माझं मत. घडून गेलेल्या गोष्टींना ठीक. पुढच्या वर्षीची मीटिंग सकाळी 10 ची असेल तर लोकल वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवा, कारण मधे नियम बदलला तर तुमचं यूटीसी चुकतं आणि मीटिंग 9 किंवा 11 ला दिसते.

दोन वेळांमधलं अंतर मोजायला मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ वापरूच नका, मोनोटोनिक क्लॉक (कधीच मागे न जाणारं घड्याळ) घ्या, नाहीतर एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) घड्याळ मागे सरकवलं तर तुमचा टाइमआउट गंडतो. आणि सिस्टिमचं टीझेडडेटा अपडेट करूनही अ‍ॅप जुनीच वेळ दाखवत असेल तर जावा आहे का बघा, जावा स्वतःची वेगळी कॉपी घेऊन फिरतं, तीही अपडेट करावी लागते.