माध्यम-अभ्यासाची संस्था चालवताना या चुका टाळा

संस्था नोंदवण्याच्या तयारीने मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्याजवळ बहुधा बोधचिन्ह तयार असते, पहिल्या परिषदेचा विषय ठरलेला असतो आणि शोधनियतकालिकाचे नावही निश्चित झालेले असते. नसते ती फक्त घटना, म्हणजे संस्थेची नियमावली. ती विचारली की, 'ती वकील लिहून देणार आहेत' असे उत्तर मिळते. नाशिकमध्ये माध्यमांचा अभ्यास करणारी संस्था असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि 1944 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही नाशिकमध्येच. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय येथे आहे आणि मुक्त विद्यापीठही येथेच आहे. विषय आहेत, अभ्यासकही आहेत. अशा एका संस्थेचे चिटणीसपद मी अनेक वर्षे सांभाळले आणि नंतर इतर काही संस्थांची अडकलेली कागदपत्रे सोडवण्यास मदत केली. त्या काळात पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका येथे लिहीत आहे. सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नाहीत. एक-दोन अशा आहेत की त्यांनी चांगली चाललेली संस्था वर्षभर जागच्या जागी थांबते.

पहिली चूक घटना उसनी आणण्याची. मोठ्या विदेशी संघटनांच्या नियमावल्या सहज वाचायला मिळतात आणि त्या वाचाव्यातही. अमेरिकेतील सोसायटी फॉर सिनेमा अँड मीडिया स्टडीज या संघटनेत आधी नियोजित अध्यक्ष, मग अध्यक्ष आणि मग मावळता अध्यक्ष अशी पायरी आहे. त्यामुळे नव्या अध्यक्षाला काम शिकायला वेळ मिळतो आणि जुन्याचा अनुभव एकदम नाहीसा होत नाही. कल्पना उत्तम आहे. मात्र आपल्याकडे संस्था 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदवली जाते, आणि कार्यकारी मंडळातील प्रत्येक नाव धर्मादाय कार्यालयाच्या, म्हणजे अशा संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, नोंदीत चढवावे लागते. नियोजित अध्यक्षाला मत आहे की नाही, त्याचे नाव त्या नोंदीत जायचे की नाही, हे घटनेत स्पष्ट लिहिलेले नसेल तर पहिल्याच निवडणुकीत वाद होतो. माझ्या पाहण्यातील एका नव्या संस्थेने अकरा पदे आणि सहा उपसमित्या उतरवून घेतल्या होत्या. सभासद होते एकोणीस. नोंदणीसाठी कायद्याला सात माणसे पुरतात आणि प्रारंभी सात ते नऊ जणांचेच मंडळ असावे, असे माझे ठाम मत आहे. घटनेचा मसुदा वकिलांनी तपासावा, पण तो लिहावा मात्र ज्यांना संस्था चालवायची आहे त्यांनी, आणि सभेत मोठ्याने वाचून.

आता ज्या चुकीने मला सर्वाधिक शिकवले, तिच्याकडे येतो. ती म्हणजे संस्थेचा उद्देश 'ऐनवेळच्या विषयांत' बदलणे.

आमच्या संस्थेच्या विधानपत्रात, म्हणजे नाव व उद्देश सांगणाऱ्या नोंदणीच्या मूळ कागदात, 'चित्रपटकलेचा अभ्यास व प्रसार' एवढाच उद्देश लिहिलेला होता. फाळक्यांच्या गावात ते साहजिक होते. पुढे वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे यांवर काम करणारे अभ्यासक सभासद झाले आणि नाव व उद्देश दोन्ही विस्तारावेत, अशी मागणी आली. मागणी योग्यच होती; वर उल्लेखिलेली अमेरिकी संघटनासुद्धा 1959 मध्ये केवळ चित्रपट-अभ्यासकांची म्हणून सुरू झाली आणि 'मीडिया' हा शब्द तिच्या नावात 2002 मध्ये आला. आम्ही मात्र ते काम वार्षिक सभेच्या शेवटी, चहा येण्याआधीच्या दहा मिनिटांत उरकले. सभेला 31 जण हजर होते, सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, टाळ्या झाल्या आणि मी इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिले.

दुसऱ्याच महिन्यात नवे लेटरहेड छापले गेले. पुढच्या दोन वर्षांत जिल्ह्यातील जुन्या साप्ताहिकांवर आम्ही एक चर्चासत्र घेतले आणि त्यांच्या अंकांचे छायाचित्रण सुरू केले. तेच काम वाढवण्यासाठी अनुदानाचा अर्ज केला, तेव्हा समोरून विधानपत्राची प्रमाणित प्रत मागण्यात आली. तीत उद्देश जुनाच होता. अनुदान गेले. त्याहून गंभीर बाब अशी की, साप्ताहिकांवर झालेला खर्च संस्थेच्या उद्देशात कोठे बसतो, असा लेखी प्रश्न आमच्या लेखापरीक्षकांनी विचारला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नव्हते.

1860 च्या अधिनियमाचे कलम 12 मी त्यानंतर शब्दशः वाचले. ते आधी वाचायला हवे होते. उद्देश बदलायचा, वाढवायचा किंवा कमी करायचा असेल तर कार्यकारी मंडळाने प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात सभासदांपुढे ठेवावा लागतो, तो विशेष सभेच्या दहा दिवस आधी त्यांच्याकडे पोहोचवावा किंवा टपालाने पाठवावा लागतो, सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी तो संमत व्हावा लागतो आणि एक महिन्याच्या अंतराने भरवलेल्या दुसऱ्या विशेष सभेत हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी तो पुन्हा कायम व्हावा लागतो. दोन सभांमधील हा महिना अनेकांना निरर्थक वाटतो. मला तसे वाटत नाही. पहिल्या सभेत उत्साहाने हात वर केलेला माणूस घरी जाऊन विचार करतो, आणि विद्वानांच्या संस्थेत विचाराला एवढा अवधी असायलाच हवा.

अडचण होती तीन पंचमांशांची. नोंदवहीत 212 नावे होती, म्हणजे 128 मते हवी होती, आणि आमच्या सभेला चाळीस माणसेही जमत नसत. येथे त्याच अधिनियमाचे कलम 15 उपयोगी पडले. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. आम्ही प्रत्येक थकबाकीदाराला पत्र पाठवले, वर्गणी भरण्यास महिनाभराची मुदत दिली आणि त्यानंतर यादी केली. ती 140 ची झाली. आता 84 मते पुरेशी होती. कलम 12 प्रतिनिधीमार्फत मतदानाला मुभा देते, म्हणून मालेगाव, येवला, मनमाड आणि धुळे येथील सभासदांना प्रतिनिधिपत्राचे नमुने टपालाने पाठवले. पहिल्या सभेत 91 मते मिळाली, दुसऱ्या सभेत 38 जण हजर राहिले आणि सर्वांनी संमती दिली. दहा मिनिटांत उरकलेले काम नीट करायला जून ते फेब्रुवारी असे नऊ महिने लागले, आणि त्यातला निम्मा वेळ सभासदांचे बदललेले पत्ते शोधण्यात गेला.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की, सभासद नोंदवही दर एप्रिलमध्ये मी स्वतः नावानिशी तपासतो आणि थकबाकीची पत्रे त्याच महिन्यात जातात. निवडणूक जवळ आल्यावर नावे वगळणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यात मतदार निवडल्याचा संशय येतो आणि तो संशय पुष्कळदा खरा असतो. विषयपत्रिकेवरील 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय' या सदरात मी आता अभिनंदन आणि शोक यांचे ठराव सोडून काहीही येऊ देत नाही.

दुसरी मोठी चूक बदल अहवालाची. निवडणूक झाली, हार घातले गेले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, की काम संपले असे नव्या मंडळाला वाटते. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 नुसार मंडळात झालेल्या बदलाचा अहवाल 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. शिवाय 1860 च्या अधिनियमातील कलम 4 नुसार वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत मंडळाची यादी सादर करायची असते. मुदत चुकली तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडता येतो, आणि हीच सोय अनेकांच्या आळसाला आधार देते. एका संस्थेचे लागोपाठ तीन निवडणुकांचे अहवाल दिले गेलेले नव्हते. चौथ्या वेळी बँकेने खात्यावरील सह्या बदलण्यासाठी परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा मागितला, आणि त्यावर दहा वर्षांपूर्वीच्या मंडळाची नावे होती; त्यांतील दोघे हयात नव्हते आणि एक परदेशी स्थायिक झाले होते. मागचा बदल नोंदला गेलेला नसेल तर नवा माणूस कोणाच्या जागी आला, हेच सिद्ध करता येत नाही. म्हणून तिन्ही अहवाल एकापाठोपाठ तयार करावे लागले, मृत्यूचे दाखले घरोघरी जाऊन आणावे लागले, आणि तोपर्यंत परिषदेचा खर्च कोषाध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून केला.

त्या संस्थेचा खरा दोष इतिवृत्तात होता. प्रोसिडिंग बुकात सभेचा वृत्तांत सुंदर भाषेत होता, व्याख्यानाचा गोषवाराही होता, पण सभेची सूचना कोणत्या तारखेला निघाली, हजर कोण होते, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) झाली का, सूचक-अनुमोदक कोण आणि कोण किती मतांनी निवडून आले, यांतले काही नव्हते. माध्यमांचे अभ्यासक चांगले लिहितात आणि त्यामुळेच बहुधा ते इतिवृत्ताचा लेख करतात. इतिवृत्त म्हणजे कोणी, केव्हा आणि कोणासमक्ष काय ठरवले याची नोंद होय. मी ती सभा चालू असतानाच हाताने लिहितो आणि सभागृह सोडण्यापूर्वी अध्यक्षांची सही घेतो. बदल अहवालासाठी लागणारी नव्या सदस्यांची संमतिपत्रेही त्याच दिवशी भरून घेतो, कारण दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या गावी असतो. मोबाइलवरील गटात आलेले 'मंजूर' हे उत्तर ठराव म्हणून चालेल का, असे तरुण सहकारी मला वारंवार विचारतात. घटनेत तशी तरतूद नसेल तर ते चालणार नाही, आणि तरतूद करावी असेही मला वाटत नाही.

गणपूर्तीबद्दल थोडे. सभेची तारीख ठरवताना नाशिकचे वर्ष नाशिकच्या पद्धतीने पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड आणि पिंपळगाव भागातील ज्या सभासदांच्या घरी द्राक्षबागा आहेत, ते येत नाहीत. सप्टेंबर 2015 मध्ये आम्ही सिंहस्थाच्या पर्वणीला लागून सभा ठेवली, आणि रस्ते बंद असल्यामुळे नऊ जण पोहोचले. 2027 मध्ये हीच वेळ पुन्हा येणार आहे. सभा तहकूब करून अर्ध्या तासाने घेण्याची सोय घटनेत असेल तर जरूर वापरावी, परंतु तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचे काहीही घेऊ नये.

शोधनियतकालिक हा अधीर मंडळींचा सर्वांत आवडता विषय आहे. पहिल्या महिन्यात आयएसएसएन हवा असतो. तो आठ अंकी क्रमांक प्रकाशनाची ओळख पटवण्यापुरता असतो. लेखांच्या दर्जाबद्दल तो काहीही सांगत नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि तरीही मुखपृष्ठावर तो मानचिन्हासारखा छापला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये मान्य शोधनियतकालिकांची आपली केअर यादी बंद केल्यावर तर दर्जा राखण्याचा भार संपादक मंडळांवर आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या संस्थांवर अधिकच आला आहे. अशा वेळी अध्यक्षच संपादक असणे ही मला अक्षम्य चूक वाटते. मी एका अंकाचे काम पाहत असताना अध्यक्षांचा लेख परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला होता आणि तो दुरुस्तीशिवाय छापला गेला, कारण परीक्षकांचे शेरे ज्याच्याकडे जायचे तो संपादक आणि लेखाचा कर्ता हे एकच गृहस्थ होते. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता; तसा नियमच नव्हता. त्या अंकानंतर दोन चांगल्या परीक्षकांनी काम सोडले. घटनेत तीन ओळी पुरतात: संपादकाची नेमणूक कार्यकारी मंडळ ठराविक मुदतीसाठी करील, मुदतीच्या काळात लेखांच्या निवडीत मंडळ हस्तक्षेप करणार नाही, आणि पदाधिकाऱ्यांचा लेख आल्यास त्याचा निर्णय बाहेरचा अतिथी संपादक घेईल. याहून मोठी आचारसंहिता करायची असेल तर ती पाच अंक निघाल्यानंतर करावी.

काही गोष्टी एकेका ओळीत सांगतो. आजीव सभासदांची वर्गणी चालू खर्चात वापरू नये. ती कायम निधीत ठेवावी आणि व्याजच वापरावे. निवडणूक निर्णय अधिकारी स्वतः उमेदवार किंवा उमेदवाराचा मार्गदर्शक नसावा. संशोधक विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकाविरुद्ध मत कसे देईल, याचा विचार करून मतदान गुप्तच ठेवावे. विदेशी संस्थेकडून देणगी स्वीकारण्यापूर्वी 2010 च्या विदेशी अंशदान अधिनियमाखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी पाहावी. पती-पत्नी एकाच वेळी अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष असू नयेत.

आणि दप्तर. चिटणीस बदलला की नोंदणी प्रमाणपत्रे, परिशिष्ट एकचा उतारा, पॅन कार्ड, प्रोसिडिंग बुके, सभासद नोंदवही, लेखापरीक्षणाचे अहवाल, शिक्के आणि संस्थेच्या ई-मेल खात्याचा पासवर्ड हे सर्व नव्या चिटणिसाकडे यादी करून द्यावे. मी ही यादी दोन प्रतींत करतो, प्रत्येक वस्तूसमोर पानांची संख्या लिहितो, दोघांच्या सह्या घेतो आणि एक प्रत इतिवृत्ताच्या त्याच पानाला चिकटवतो, जेथे नव्या चिटणिसाच्या निवडीची नोंद असते.