सोडलेला लाँग स्नॅपर घ्यावा का, हे ठरवायचं कसं

ऑगस्ट संपत आला की एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, संघ ९० खेळाडूंवरून ५३ वर येतात. त्या दिवशी आमच्या न्यू जर्सीतल्या, जायंट्स संघाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो: "अमक्यांनी लाँग स्नॅपर सोडलाय, जायंट्सने उचलावा का?" त्यावर कोणीतरी लिहितंच, "त्यात काय, बॉल पायांमधून मागे तर फेकायचा." मग मला राहवत नाही. माझा धाकटा हायस्कूलच्या संघात स्नॅपर होता आणि मागच्या अंगणात पंटरच्या जागी उभी असायचे मी. चांगला स्नॅप तळहातावर चटका देतो, आणि थंडीत तर हातमोजे घालूनही झोंबतो.

नवख्यांसाठी थोडक्यात: पंटच्या वेळी (बॉल लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडताना) हा माणूस ओणवा होऊन बॉल साधारण १५ यार्ड मागे पंटरकडे, म्हणजे लाथ मारणाऱ्याकडे, फेकतो; फील्ड गोलच्या वेळी (गुणांसाठी बॉल गोलपोस्टमधून मारताना) सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून किकरसाठी बॉल धरणाऱ्या होल्डरकडे. या फेकीलाच स्नॅप म्हणतात. बाकी सामनाभर तो बाकावर.

सर्वात आधी शोधायचं, त्याला का सोडलं. पैशासाठी सोडला असेल तर तो माणूस अजून कामाचा आहे. जो कार्डोनाचं बघा. पेट्रियट्सनी त्याला २०१५ मध्ये ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पाचव्या फेरीत घेतलं, दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) त्याच्यासोबत जिंकले, आणि २०२५ मध्ये सातव्या फेरीत एक तरुण स्नॅपर निवडून त्याला मोकळं केलं. मायामीने त्याला लगेच घेतलं. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, सात किंवा अधिक मोसम झालेल्याचा १२ लाख ५५ हजार. अनुभवी माणसाला एक वर्षाच्या किमान करारावर घेतलं, तर लीगच्या सवलतीमुळे सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत) त्याचे साधारण १० लाख ३० हजारच धरले जायचे. म्हणजे "महाग पडतो" हे कारण घेणाऱ्या संघाला फारसं लागू होत नाही. पाठीच्या किंवा गुडघ्याच्या दुखण्यामुळे सोडला असेल तर मात्र डॉक्टरांचं मत आधी, बाकी सगळं नंतर. आणि मोसमाच्या मध्येच, कसलंही दुखणं नसताना सोडला असेल, तर स्नॅप बिघडलेत असं धरून चाला. हे बिघडणं बरेचदा डोक्यात असतं, आणि ते एका आठवड्यात सुटत नाही.

आता व्हिडिओ काढा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते, स्वल्पविरामाने मागे. बॉल हलला ती फ्रेम धरा, पंटरच्या हाताला लागला ती धरा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर मधलं अंतर बावीस-तेवीसच्या आत हवं, म्हणजे पाऊण सेकंद. सरासरी काढत बसू नका. सगळ्यात वाईट दोन-तीन स्नॅप बघा, शक्यतो पावसातले किंवा डिसेंबरातले. वेग थोडा कमी असला तरी चालेल, कारण पंटर एखादं पाऊल आवरतं घेऊन सांभाळून घेतो. डोक्यावरून गेलेल्या बॉलला मात्र कोणाचाच इलाज नाही.

पंटरचे हात हललेत का, हेही बघा. उजव्या पायाने मारणाऱ्याला बॉल उजव्या कमरेशी हवा. तो दर वेळी डावीकडे झुकून बॉल गोळा करत असेल तर आकडा कितीही छान असो, किक उशिरा निघणार.

फील्ड गोलचं याहून बारीक आहे, आणि खरा कस मला इथेच दिसतो. बॉलच्या शिवणीवरची लेस गोलपोस्टकडे तोंड करून हवी, किकरच्या पायाकडे नको. चांगला स्नॅपर बॉलचे फेरे असे बसवतो, की होल्डरच्या हातात पडतानाच लेस जवळजवळ जागेवर असते. स्नॅपपासून किकपर्यंत सगळं मिळून सुमारे १.३ सेकंद. होल्डर बॉल टेकवून फिरवायला लागला की तेवढ्यात बाहेरच्या कडेने धावत येणारा माणूस पोहोचतो. म्हणून क्लोज-अप मिळाला तर होल्डरची बोटं बघा, स्नॅपरकडे बघू नका. माझ्या धाकट्याला एका प्रशिक्षकाने मार्करने बॉलवर रेघ ओढून दिली होती. रेघ हातात कुठे येते तेवढंच मी ओरडून सांगायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, या बाई कसले आकडे पुकारतात.

ब्लॉकिंगला, म्हणजे समोरच्यांना अडवण्याला, किती वजन द्यायचं? थोडंच. किकच्या वेळी समोरच्या संघाला स्नॅपरच्या थेट समोर उभं राहता येत नाही, त्यामुळे त्याला जरा उसंत मिळते. पंटनंतर त्याने पळत जाऊन एखादा टॅकल केला तर उत्तमच, पण त्यासाठी वाकडा स्नॅप चालवून घेऊ नये.

याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ. ५ जानेवारी २००३ ला जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोत ३८-१४ ने पुढे होते. स्नॅपरची अडचण म्हणून त्याच आठवड्यात ट्रे जंकिनला निवृत्तीतून आणलं होतं. वय ४१, १९ मोसमांचा अनुभव. आधी एका फील्ड गोलचा स्नॅप चुकला, मग अखेरच्या सेकंदांत ४१ यार्डांच्या किकचा. ३९-३८ ने हरलो. आमच्याकडे जंकिनचं नाव अजून दात-ओठ खाऊन घेतात. मला विचाराल तर दोष त्याचा कमी, त्या होल्डरबरोबर त्याला सराव किती मिळाला याचा जास्त.

उलटी उदाहरणंही आहेत. २००८ मध्ये स्टीलर्सचा ग्रेग वॉरन जखमी झाला, बचावफळीतल्या जेम्स हॅरिसनला स्नॅपला बसवलं, आणि बॉल पंटरच्या डोक्यावरून एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) बाहेर गेला. (समोर जायंट्सच होते, म्हणून तो दिवस आम्हाला गोड.) मग स्टीलर्सनी जॅरेड रेटकोफ्स्कीला बोलावलं. त्यांनीच आधी सोडलेला तो मुलगा फर्निचर हलवण्याच्या कामावर होता. त्याच मोसमात ते सुपर बोल जिंकले. फरक उघड आहे: हा त्यांच्याच शिबिरातला, आणि अर्धा मोसम हातात होता. म्हणून दोन सोडलेले स्नॅपर सारखेच वाटले, तर तुमच्या पंटरबरोबर किंवा स्पेशल टीमच्या (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीच्या) प्रशिक्षकाबरोबर आधी काम केलेला घ्या.

कराराचं गणित. चार मोसम पूर्ण न झालेला खेळाडू वेव्हरवर जातो, म्हणजे मोकळा होण्याआधी बाकी संघांना त्याला उचलता येतं. तिथे उचललात तर त्याचा चालू करारही गळ्यात पडतो. चार झालेला सरळ मोकळा होतो, पण ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपली की तोही वेव्हरवरच. अनुभवी माणूस पहिल्या सामन्याला ५३ मध्ये असला तर त्याचा मोसमभराचा पगार पक्का मानायचा, म्हणून घाई नसेल तर दुसऱ्या आठवड्यात सही करा. तुमच्या स्नॅपरचं दुखणं दोन-तीन आठवड्यांचंच असेल तर प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावाच्या राखीव यादीत) घ्या. तिथून एका खेळाडूला मोसमात तीनदा सामन्यासाठी वर आणता येतं.

तुमचा स्नॅपर धडधाकट असेल आणि स्नॅप सरळ जात असतील, तर बाहेर कितीही नामवंत सुटलेला असो, हात लावू नका.

घ्यायचाच असेल तर ट्रायआउटला बॉल बादलीत बुडवून द्या आणि समोर तुमचाच पंटर, तुमचाच होल्डर उभा करा. बहुतेक संघांत ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. नंतर तुमच्या होल्डरला बाजूला घेऊन विचारा, पाहुणा स्नॅपर कसा वाटला. तो "ठीक आहे, जमेल" म्हणाला तर पाहुण्याला विमानतळावर सोडा आणि पुढच्याला बोलवा.