कोबीला ह्युमिक कधी, किती आणि कसं द्यायचं

राहतो ऐरोलीत आणि शेती मुरबाडला, त्यामुळे दर शनिवारी सकाळी कल्याणवरून गाडी काढायची आणि रविवारी रात्री परत. रोजचं बघणं काका-काकूंकडे. भात कापून झालं की दहा गुंठ्यात आम्ही कोबी करतो आणि गेले चार हंगाम त्याला ह्युमिक (मुळी आणि माती सुधारायला पाण्यातून देतात ते काळं ह्युमिक आम्ल) देतोय. ऑफिसमधले, बिल्डिंगमधले बरेच जण विचारतात की नक्की काय टाकता, कधी टाकता, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ह्युमिक हे कोबीचं जेवण नाही. कोबी खादाड पीक आहे, त्याला नत्र लागतं, स्फुरद लागतं, पालाश लागतं, आणि ह्युमिकच्या पुडीत यातलं पालाश म्हणजे पोटॅश सोडलं तर जवळजवळ काहीच नसतं. ह्युमिक काम करतं मुळीवर आणि मातीवर. बारीक पांढऱ्या मुळ्या जास्त फुटतात, मातीत टाकलेलं खत वाहून न जाता मुळीजवळ धरून ठेवलं जातं, लोह-जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं विरघळलेल्या रूपात राहतात. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या तांबड्या मातीत तर याचा उपयोग आणखीनच आहे, कारण या मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम टाकलेलं स्फुरद पकडून बसतं आणि पिकाला मिळूच देत नाही, वर अडीच-अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यात पडून सगळं धुऊन नेतो. ह्युमिक ही पकड थोडी सैल करतं. पण खतच टाकलं नसेल तर सैल करून मिळणार काय? म्हणून शेणखत आणि रासायनिक खताचा हिशोब आधी, ह्युमिक त्याच्या जोडीला.

वेळ चुकवू नका

कोबीला थंडी लागते, १५ ते २० अंशांच्या आसपास गड्डा छान घट्ट भरतो. आपल्याकडे तेवढी थंडी डिसेंबर-जानेवारीतच, आणि तीही मुरबाड-शहापूरकडे रात्रीची जास्त, नवी मुंबईत कमी. म्हणून बी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टाकायचं, रोप चार-साडेचार आठवड्यांचं झालं की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड उरकायची. गोल्डन एकर ही जुनी जात लागवडीपासून साधारण ६० ते ६५ दिवसांत तयार होते. ठाणे, नवी मुंबईत गच्चीवर करणार असाल तर दुकानात उष्णता सहन करणारं हायब्रीड बी मागा. जानेवारीत लागवड करून कितीही ह्युमिक ओतलं तरी मार्चच्या उन्हात गड्डा बसत नाही, पानंच वाढत राहतात.

विकत घेताना

बाजारात दोन प्रकार मिळतात, एक काळी चमकदार पावडर किंवा फ्लेक्स म्हणजे पोटॅशियम ह्युमेट, आणि दुसरं पातळ, ६ किंवा १२ टक्केवालं. दोन्ही बहुतेक लिग्नाइटसारख्या कोळशाच्या कच्च्या प्रकारापासूनच काढतात. पावडर परवडते, कारण १२ टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत ह्युमिक साधारण १२० ग्रॅमच असतं, बाकी पाणी. पावडरच्या पुडीवर मोठ्या अक्षरात ९८ टक्के लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा पाण्यात किती विरघळतं त्याचा आकडा असतो, ह्युमिक आम्ल किती ते मागच्या बाजूला बारीक ओळीत सापडतं, ती ओळ वाचा. २०२१ पासून असली जैव-उत्तेजकं (खत नाही, पण पिकाच्या वाढीला मदत करणारी) खत नियंत्रण आदेशाखाली आलीत आणि त्यात ह्युमिक आणि त्याचंच भावंड फुल्विक यांचा वेगळा गट आहे, त्यामुळे उत्पादकाचं नाव, बॅच, तारीख आणि घटकांचं प्रमाण पुडीवर असायलाच हवं. पक्कं बिल घ्या.

दुसऱ्या हंगामात मी एका दुकानातून स्वस्त मिळालं म्हणून सुटं दोन किलो उचललं होतं. पाण्यात टाकलं तर मस्त काळं झालं, मला वाटलं भारीच माल आहे, पण ड्रमच्या तळाशी बोटभर काळी रेती बसली आणि पिकात काडीचा फरक पडला नाही. पूर्ण हंगाम गेला त्यात. तेव्हापासून मी पुडी आणली की आधी किचनच्या ओट्यावर टेस्ट करतो, तुम्हीही करा, पाच मिनिटांचं काम आहे. काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास साधं पाणी घ्या, त्यात पाव चमच्याहूनही कमी पावडर टाकून ढवळा. चांगली पावडर एक-दोन मिनिटांत पूर्ण विरघळते, पाणी कडक कोऱ्या कॉफीसारखं दिसतं आणि तळाला कचकच राहत नाही. राहिली तर बहुतेक कोळशाची भुकटी मिसळलीय. आता त्यातच पांढरं व्हिनेगर ओता, ग्लास भरेपर्यंत, आणि रात्रभर न हलवता ठेवून द्या. ह्युमिक आम्लात विरघळत नाही, त्यामुळे खरं असेल तर सकाळपर्यंत तपकिरी काळे दह्यासारखे पुंजके होऊन खाली बसतात आणि वरचं पाणी बरंच निवळतं, पिवळसर चहाच्या रंगाचं होतं. साखर कारखान्याची मळी किंवा नुसता रंग असेल तर सकाळी पण ग्लास जसाच्या तसा काळा. टक्केवारी यातून कळत नाही पण फसवणूक बऱ्याचदा कळते. फक्त फुल्विक म्हणून विकतात त्याला ही टेस्ट लावू नका, फुल्विक आम्लातही विरघळलेलंच राहतं.

जमीन

भाताच्या खाचराची माती चिखलणीमुळे खाली घट्ट बसलेली असते. वापसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की आडवी-उभी नांगरट करून ढेकळं फोडा, नाहीतर मुळी दोन इंचावर अडकते आणि मग ह्युमिक देऊन मुळ्या वाढवायच्या कुठे? मातीपरीक्षण करून घ्या, निदान पीएच आणि सेंद्रिय कर्ब तरी. पीएच साडेपाचच्या खाली असेल तर लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी रिपोर्टमध्ये सांगितलाय तेवढा शेतीचा चुना टाका. आम्लधर्मी जमिनीत कोबीच्या मुळांना गाठी येणारा रोग वाढतो, तो ह्युमिकने बरा होत नाही.

दहा गुंठ्याला आम्ही ट्रॉलीभर, म्हणजे दोन ते अडीच टन चांगलं कुजलेलं शेणखत टाकतो. रासायनिक खताची आपल्याकडची नेहमीची शिफारस हेक्टरी १६०:८०:८० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी आहे, म्हणजे दहा गुंठ्याला युरिया ३५ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलोची एक गोण आणि पोटॅश साडेतेरा किलो. सुपर आणि पोटॅश सगळं लागवडीला, युरिया अर्धा लागवडीला आणि अर्धा महिन्याने.

रोपापासून सुरुवात

ह्युमिकचा खरा पैसा वसूल होतो तो सुरुवातीच्या महिन्यात, असं माझं चार हंगामांचं मत झालंय. प्रमाण सगळीकडे एकच लक्षात ठेवा, एका लिटर पाण्याला १ ग्रॅम पावडर. पातळ घेतलं असेल तर बाटलीवरचा डोस पाळा.

गादीवाफ्यावर रोपं दोन खऱ्या पानांवर आली की झारीने एक हलकी आळवणी (म्हणजे द्रावण रोपाच्या बुडाशी मातीत ओतणं), माती फक्त ओली होईल इतकीच. रोपं कोलमडायची भीती असते तेव्हा पाणी जास्त नको.

लागवडीच्या दिवशी टोपल्यात द्रावण करून रोपांच्या मुळ्या दहा मिनिटं बुडवायच्या आणि संध्याकाळच्या वेळी ४५ बाय ४५ सेंटिमीटरवर लावायची. दहा गुंठ्यात साधारण पाच हजार रोपं बसतात.

पहिल्या वर्षी मी लागवडीनंतर दहा दिवसांनी गेलो आणि रोपांकडे बघून काकांना म्हणालो, काही फरक दिसत नाही हो. काका म्हणाले, "पाला काय बघतोस, मुळी बघ रे." ह्युमिकच्या सरीतलं एक रोप आणि बिनह्युमिकच्या सरीतलं एक, दोन्ही खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट काढून काकूने बादलीत हलक्या हाताने धुतली. वरून दोन्ही सारखीच, पण बिनह्युमिकवाल्याच्या बुडाला चार-पाच जाड मुळ्या आणि ह्युमिकवाल्याच्या बुडाला पांढऱ्या बारीक केसांचा झुबकाच, पाण्यात पसरलेला. तेव्हा मला पटलं. तुम्हीही दहाव्या-बाराव्या दिवशी एक-एक रोप काढून बघाच.

आळवणी

लागवडीनंतर पाच ते सात दिवसांनी पहिली. एका रोपाला ५० मिलि द्रावण, म्हणजे पाच हजार रोपांना २५० लिटर पाणी आणि २५० ग्रॅम पावडर, एकराच्या हिशोबात १ किलो. आधी छोट्या बादलीत पावडर ढवळून घट्ट पाणी करायचं, फडक्यातून गाळायचं आणि मग ड्रममध्ये ओतायचं, थेट ड्रममध्ये टाकली तर गुठळ्या होतात. माती आधी ओलसर पाहिजे, कोरड्या मातीत आळवणी केली तर द्रावण भेगांतून निघून जातं. पंपाचं नोझल काढून नुसती धार रोपाच्या बुडाशी सोडली की काम पटापट होतं. ठिबक असेल तर ठिबकनेच सोडा, नंतर दहा मिनिटं साधं पाणी चालवा.

दुसरी आळवणी पंचवीस ते तीस दिवसांनी, तेवढीच, युरियाचा दुसरा हप्ता आणि मातीची भर देताना. युरिया आणि ह्युमिक एकत्र चालतं, उलट चांगलंच.

बस, दोनच. जास्त टाकलं म्हणून जास्त गड्डा येत नाही, आम्ही एक वर्ष चार वेळा दिलं, वजनात काहीच भर नाही. तिसऱ्यांदा द्यायचंच असेल तर गड्डा धरायला लागताना हलकी फवारणी, पण कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं, चिकटद्रव्य घातल्याशिवाय ती फवारणी मातीतच जाते. मी करत नाही.

कशात मिसळू नका

हे सगळ्यात जास्त लोक चुकवतात. ह्युमिक अल्कली बाजूचं असतं. कॅल्शियम नायट्रेटबरोबर मिसळलं की फाटलेल्या दुधासारखं होतं, काळा गाळ तयार होतो आणि नोझल, ठिबकची ड्रिपरं सगळी चोक. आमची ठिबकची एक पूर्ण नळी (लॅटरल) अशीच फुकट गेली. १२:६१:०० किंवा फॉस्फरिक आम्लासारखी आम्लधर्मी खतं आणि तांब्याची बुरशीनाशकं पण त्याच ड्रममध्ये नको. मध्ये चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. बोअरचं पाणी खूप जड असेल, भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील, तर ड्रमभर करण्याआधी बाटलीभर मिसळून अर्धा तास बघा.

किडीबद्दल थोडक्यात. चौकोनी ठिपक्याचा पतंग कोबीचा सगळ्यात मोठा शत्रू, ह्युमिक त्याला काही करत नाही. दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावा, एक कोबीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर पंचवीस दिवसांनी, पतंग मोहरीकडे जास्त ओढला जातो.

गच्ची आणि गॅलरीवाल्यांसाठी

बारा इंची ग्रो बॅगमध्ये एकच रोप, जागा दिसते म्हणून दोन लावू नका. गॅलरीत निदान पाच-सहा तास ऊन हवं. एक ग्रॅम मोजायला काटा नसतो म्हणून सोपी युक्ती, दुकानातून १० ग्रॅम मोजून आणा, एक लिटरच्या बाटलीत विरघळवा, आणि वापरताना त्यातलं १०० मिलि अधिक ९०० मिलि पाणी. एका बॅगेला २०० मिलि, लागवडीनंतर आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा. बॅगेत निम्मं तरी शेणखत किंवा गांडूळखत असू द्या, कारण नुसत्या कोकोपीटमध्ये कोबी उपाशी राहतो. बॅगेखाली ट्रे ठेवा, ह्युमिकचं पाणी टाइल्सवर पडलं तर डाग जाता जात नाही आणि खालच्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत असतील तर त्यांना पण त्रास.

फरक मोजा

दर वर्षी निदान दोन सरी ह्युमिकशिवाय ठेवा, बाकी खत-पाणी अगदी सारखं. काढणीला दोन्हीकडचे वीस-वीस गड्डे ओळीने, निवड न करता कापा आणि वजन करून वहीत लिहा. तुमच्या शेणखताने भरलेल्या जुन्या जमिनीत फरक अगदी थोडा दिसेल, हलक्या, धुपलेल्या मातीत जास्त, आणि पुढच्या वर्षी खर्च करायचा की नाही ते तुमची वहीच ठरवेल.

गड्डा भरायला लागल्यावर पाणी नियमित, एकदा कोरडं पाडून मग भरपूर दिलं की गड्डे फुटतात. अंगठ्याने वरून दाबून बघा, दबला नाही तर तयार. सकाळी दव उतरल्यावर कापा आणि बाहेरची दोन-तीन हिरवी पानं तशीच ठेवा, वाशी मार्केटपर्यंत क्रेटमध्ये घासून जातात ती तीच, आतला गड्डा पांढरा स्वच्छ राहतो.