फोल्डरची विंडो दर वेळी हव्या त्याच आकारात उघडण्यासाठी

विंडोज १० आणि ११ मध्ये फोल्डरच्या विंडोचा आकार ठरवून देणारा पर्याय कुठेच नाही, तेव्हा सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. फाइल एक्स्प्लोरर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, एकच गोष्ट करतो: सर्वांत शेवटी बंद झालेल्या विंडोचा आकार आणि जागा लक्षात ठेवतो आणि पुढची विंडो त्याच मापाने उघडतो. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीमध्ये प्रत्येक फोल्डर आपला आकार वेगळा जपत असे. आता सगळ्या फोल्डरना मिळून एकच माप आहे.

म्हणून पहिले काम, उघडे असलेले सगळे फोल्डर बंद करा. मागे एक जरी विंडो राहिली आणि ती नंतर बंद झाली, तर तुमचे माप जाऊन तिचे माप लागू होते. बहुतेकांचे इथेच फसते.

मग विंडोज बटण धरून ई दाबा. उघडलेली विंडो पडदाभर असेल, तर वर उजवीकडच्या तीन बटणांतले मधले दाबून ती लहान करा. आता कोपरा धरून ओढा. डावीकडची यादी आणि नाव, तारीख, प्रकार, साइझ हे चारही कॉलम आडवा स्क्रोलबार न येता दिसतील एवढी रुंदी बरी पडते. टायटलबार (विंडोची सर्वांत वरची पट्टी) धरून विंडो हव्या जागी न्या आणि फुलीवर क्लिक करून बंद करा. पुन्हा विंडोज-ई दाबून खात्री करून घ्या.

विंडो पडद्याच्या कडेला नेऊन अर्ध्या भागात चिकटवून माप ठरवू नका. तो तिचा स्वतःचा आकार नसतो. टायटलबार धरून ओढताच ती जुन्या मापावर येते.

फोल्डर ऑप्शन्समधल्या ‘अप्लाय टू फोल्डर्स’ या बटणाचाही इथे उपयोग नाही. ते कॉलम, क्रम आणि आयकॉनची मांडणी त्याच प्रकारच्या इतर फोल्डरना लावते, विंडोच्या आकाराला हात लावत नाही. एखादा ठरावीक फोल्डर कायम पडदाभर हवा असेल, तर त्याचा शॉर्टकट बनवा, प्रॉपर्टीजमध्ये ‘रन’समोर ‘मॅक्सिमाइझ्ड’ निवडा आणि त्या शॉर्टकटवरूनच तो उघडा.

लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडल्यावर माप बदलले, तर तो बिघाड नाही. हे आकडे रजिस्ट्रीमध्ये (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवते तिथे) पडद्याच्या रिझोल्यूशननुसार वेगवेगळे साठवले जातात. १९२०×१०८० वर ठरवलेले माप १३६६×७६८ च्या पडद्याला लागू होत नाही, म्हणून प्रत्येक मांडणीत वरची कृती एकदा करावी लागते. मॉनिटर काढल्यावर विंडो पडद्याबाहेरच राहिली, तर ती निवडून ऑल्ट-स्पेस, मग एम आणि एखादी बाणाची कळ दाबा. त्यानंतर माउस हलवला की विंडो त्याच्यामागे येते.

एवढे करूनही माप टिकत नसेल, तर जुन्या नोंदी पुसाव्या लागतात. याने सगळ्या फोल्डरचे कॉलम आणि क्रम मूळ स्थितीत जातात, फाइलींना काही होत नाही. सगळे फोल्डर बंद करून रेजएडिट (रजिस्ट्री पाहण्या-बदलण्याचा प्रोग्राम) उघडा आणि एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, लोकल सेटिंग्ज, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, शेल या वाटेने जा. ‘क्लासेस’ची पायरी चुकवू नका: तिच्याशिवायही असाच एक ‘शेल’ आहे आणि डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या जागा त्यात असतात. ‘शेल’वर राइट क्लिक करून एक्स्पोर्टने प्रत ठेवा, मग त्यातल्या ‘बॅग्ज’ आणि ‘बॅगएमआरयू’ या दोन कीज (रजिस्ट्रीतले फोल्डर) डिलीट करा. टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्स्प्लोरर निवडून रीस्टार्ट दाबा आणि लगेच, दुसरा कुठलाही फोल्डर उघडण्याआधी, माप नव्याने ठरवून विंडो बंद करा.